श्रावणाच्या दोन ओळी

डेटाबेस हा विषय मी रागाच्या भरात शिकले. आवडबिवड काही नव्हती. एमबीएला प्रवेश घेतला तो मार्केटिंग करायला, आणि पहिल्याच सेमिस्टरच्या वेळापत्रकात हा बिनबोलावलेला पाहुणा पाय पसरून बसलेला. "हे इंजिनिअरिंगवाल्यांचं काम, आपल्या डोक्याला कशाला ताप?" असं मी वर्गात चांगलं मोठ्याने म्हणाले आणि नेमकं मॅडमनी ऐकलं. मॅडम पक्क्या उज्जैनच्या, हिंदी बोलणाऱ्या, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. पण आवाज असा की मागच्या बाकावर झोपलेली मुलं दचकून उठायची. "बेटा, जिस दिन घर का धंधा देखोगी, उस दिन पूछूँगी," एवढंच म्हणाल्या. सेमिस्टरच्या शेवटी मी त्याच पेपरात नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा. घरी येऊन पुस्तक पलंगाखाली सरकवलं आणि सगळ्या जगावर चिडून बसले.

आमच्या घरचा धंदा म्हणजे आईचे डबे. बाबा बँकेत होते, बदली होऊन साताऱ्याहून उज्जैनला आले आणि इथलेच होऊन गेले. मी जन्माने उज्जैनची. बाबा रिटायर झाल्यावर आईने फ्रीगंजमधल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत डबे सुरू केले. आधी आजूबाजूची एकटी राहणारी माणसं, मग बदलीवर आलेली बँकवाली मंडळी, मग आमच्या कॉलेजच्या मुली. स्वयंपाक आईचा, हाताखाली एक बाई, आणि डबे पोचवायला बाबा त्यांच्या जुन्या स्कूटरवर. वाढता वाढता एवढं वाढलं की सकाळी मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, आणि ते बघून आई अशी खूश असायची की मी तिला एरवी कधी तेवढं खूश बघितलं नाही. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीने स्वयंपाक केला होता. हा पहिला स्वयंपाक तिच्या स्वतःच्या नावावर होता.

पण कोणाला काय चालतं आणि काय चालत नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. उज्जैन म्हणजे काय, ज्याला त्याला काहीतरी व्रत आहेच. कोणाचा सोमवार, कोणाची चतुर्थी, कोणाची एकादशी, कोणाचा कांदा-लसूण बंद, तोही कधीपासून कधीपर्यंत ते वेगळंच. लिहून ठेव म्हटलं की आई फणकारायची, "मला आठवत नाही का? म्हातारी झाले का मी?" शिवाय अर्धी माहिती बाबांकडे. कारण ग्राहक जे काय सांगायचे ते दारात बाबांना सांगायचे. बाबा घरी येऊन आईला सांगायचे. आठवलं तर.

आणि तिथेच घात झाला. देवास गेटजवळ एक रिटायर मुख्याध्यापिका राहायच्या, एकट्या. सगळं गाव त्यांना बडी बहनजी म्हणायचं, म्हणून आम्हीही. मी नापास झाले त्याच्या आधीच्या पावसाळ्यात त्यांनी पहिल्यांदा सावनचा पूर्ण महिना धरायचं ठरवलं होतं. आधी नुसते सोमवार करायच्या. यजमान गेल्यानंतरचं ते पहिलंच वर्ष, त्यांच्या नावाने धरलेलं व्रत. ते त्यांनी दारात बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "हाँ हाँ, बता दूँगा." घरी येईपर्यंत स्कूटर दोनदा बंद पडली आणि तो निरोप वाटेतच कुठेतरी सांडला.

मंगळवारी त्यांच्या डब्यात कांद्याची फोडणी दिलेली डाळ गेली. पण बहनजी रागावल्या नाहीत. ई-रिक्षा करून स्वतः आमच्या घरी आल्या, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "एक कौर खा लिया था, तब पता चला." बस. एका घासाने व्रत मोडलं होतं. पाणीसुद्धा न पिता गेल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. आई मोरीत जाऊन रडली. मला आईचं रडणं सहन होत नाही, मी बाबांवर खेकसले, बाबा स्कूटरवर खेकसले.

बहनजींनी डबा बंद केला नाही, ती त्यांची मोठी माणुसकी. पण आईच्या मनातून ते गेलं नाही. ज्या दिवशी मी नापास झाल्याचं घरी सांगितलं, त्याच दिवशी तिने पोळ्या लाटता लाटता आपला निकाल जाहीर केला. "हे बघ, येत्या श्रावणात एक जरी डबा असा चुकला ना, तर मी हे बंद करणार. लोक विश्वासाने खातात. माझ्या डोक्यात आता मावत नाही." बाबा म्हणाले, "अगं, होते चूक." आई म्हणाली, "एकदा होते, अहो." आणि लाटणं असं आपटलं की बाबा स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर पडले.

मला धक्का बसला. नापास झाल्याचं दुःख राहिलं बाजूला. ही बाई डबे बंद करून करणार काय? दुपारभर टीव्हीसमोर बसून भाजी निवडणार? छे!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बॅक लागलेल्या, म्हणजे नापास झालेल्या मुलांना बोलावलं. पेपर पुन्हा द्यायचाच, शिवाय एक प्रोजेक्ट: कुठला तरी खरा धंदा घ्या, त्याचा डेटाबेस बनवा, बाहेरून परीक्षक येतील. बाकीच्यांनी मेडिकल स्टोअर घेतलं, लायब्ररी घेतली. मी म्हणाले, "मॅडम, मेरी आई के डब्बे." मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "आ गया वो दिन?" म्हणाल्या. मला असा राग आला! पण हसूही आलं.

मी आपली एका दिवसात एक भलामोठा तक्ता करून घेऊन गेले. एका ओळीत सगळं: नाव, पत्ता, फोन, सकाळचा की संध्याकाळचा, तिखट, गोड, उपास. दोन्ही वेळचा डबा असेल त्याच्या दोन ओळी. मला वाटलं, झालं की! मॅडमनी तो कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "कोई घर बदलेगा तो?" मी म्हणाले, बदलेन पत्ता. "कितनी जगह?" मी म्हणाले, "जितनी जगह होगा उतनी जगह." त्या नुसत्या हसल्या. मला काही समजलं नाही.

समजलं त्याच आठवड्यात. बँकेतले एक ग्राहक नानाखेड्याला राहायला गेले. मी मोठ्या ऐटीत तक्त्यात पत्ता बदलला, सकाळच्या ओळीत. संध्याकाळच्या ओळीत राहून गेला. सकाळचा डबा नानाखेड्याला, संध्याकाळचा जुन्या घरी! बाबा जुन्या घराची कडी वाजवतायत, आत नवा भाडेकरू, तो म्हणतोय आम्ही डबा लावला नाही, बाबा म्हणतायत लावलाय, माझ्याकडे लिहिलंय. शेवटी त्या भल्या माणसाने डबा ठेवून घेतला आणि खाऊनही टाकला. बाबा घरी येऊन माझ्यावर जे काय भडकले! "यापेक्षा तुझी आई बरी होती. ती निदान एकाच माणसाला विसरायची."

मी मॅडमकडे गेले आणि सरळ सांगितलं की चुकलं, आता शिकवा. त्यांनी एका वाक्यात सगळा विषय सांगितला. "हर बात एक ही जगह रहेगी, बेटा. जिसकी बात, उसी के घर." पत्ता हा माणसाचा असतो, डब्याचा नसतो. म्हणून तो माणसांच्या टेबलात राहणार, एकदाच. डब्यांच्या टेबलात फक्त त्या माणसाचा नंबर. घर बदललं तर एका जागी बदला, सगळे डबे आपोआप नव्या घरी. पुस्तकात याला नॉर्मलायझेशन म्हणतात आणि ते नाव वाचूनच मी पान उलटायचे. आणि होतं काय तर हे! मी अक्षरशः कपाळावर हात मारून घेतला.

मग मला चेवच आला. माणसांचं टेबल केलं, डब्यांचं केलं. उपासांसाठी माणसांच्याच टेबलात तीन रकाने ठेवले: व्रत एक, व्रत दोन, व्रत तीन. मॅडम म्हणाल्या, "और जिसके चार हों?" मी म्हणाले, "चार कोण करतं, मॅडम?" त्या म्हणाल्या, "मेरी सास." झालं, पुन्हा मोडलं. मग व्रतांचं स्वतंत्र टेबल झालं: व्रताचं नाव, काय चालत नाही, कधी सुरू, कधी संपतं. आणि मध्ये एक बारकंसं टेबल, ज्यात फक्त जोड्या: हा माणूस, हे व्रत. एका माणसाची कितीही व्रतं, एका व्रताची कितीही माणसं. हे मधलं टेबल मला इतकं आवडलं की मी आईला दोनदा समजावून सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे भिशीसारखं. एक बाई चार भिश्यांत, एका भिशीत पंधरा बायका." मी म्हणाले, अगदी बरोबर, आई! तिने तिखटाचा हात पदराला पुसला आणि म्हणाली, "मग एवढं नापास काय झालीस?"

मग मी सगळ्यांना फोन केले, सगळी व्रतं भरली. "श्रावणात कांदा-लसूण बंद ना?" "सावन में प्याज-लहसुन बंद ना?" जवळजवळ सगळे हो म्हणाले, मी जोड्या टाकत गेले. व्रतांच्या टेबलात श्रावणाची एक ओळ. एकच, बरं का! हर बात एक ही जगह. तारखा स्वयंपाकघरात टांगलेल्या मराठी कॅलेंडरवरून घेतल्या. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची यादी छापायची आणि ओट्याच्या वर चिकटवायची, अशी पद्धत पडली. आषाढी एकादशीपासून चातुर्मास धरणारे एक आजोबा होते, त्यांचा डबा यादीत अगदी बरोबर येत होता. आई यादी बघून डबे भरायला लागली. "आता मी डोकं चालवणार नाही," ती म्हणाली. "डोकं तुझं, हात माझा." मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

गुरुपौर्णिमेच्या दिवशी दुपारी मी मैत्रिणीबरोबर टॉवर चौकात कचोरी खायला गेले. कचोरीचा पहिला तुकडा मोडला आणि समोर दुकानावर नवीन पाटी दिसली. "कल से सावन भर बिना प्याज-लहसुन."

तुकडा हातात तसाच. उद्यापासून सावन. आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर उद्या आषाढच, अजून पंधरा दिवस.

उज्जैनमध्ये जन्मलेल्या मराठी मुलीने ही चूक करावी! आम्ही लहानपणापासून दोन श्रावण बघतो. इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावस्येला. त्यांचा सावन आधी लागतो, राखीला संपतो. आपला नंतर लागतो आणि राखीनंतरही पंधरा दिवस चालतो. शेजारणी सावनातल्या हिरव्या बांगड्या भरायच्या तेव्हा आमच्या घरी आषाढातलं तळण चालू असायचं. हे इतकं अंगवळणी पडलेलं की दोन आहेत हे कोणाला वेगळं सांगावंच लागत नाही. म्हणूनच मी कॉम्प्युटरलाही सांगितलं नाही.

उद्याची यादी मी, बाहेर जायचं म्हणून, त्या दिवशी सकाळीच छापून चिकटवून आले होते. त्यात बडी बहनजींच्या नावापुढे काहीच बंधन नव्हतं. आणि उद्याची भाजी भरल्या कांद्याची.

मी कचोरी मैत्रिणीच्या हातात कोंबली आणि पळत सुटले. घरात शिरले ती ओरडतच, "आई, कांदे भरू नकोस!" आई परातभर कांदे सोलून बसली होती. मी धापा टाकत सांगितलं. आईच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं बाई! उद्या सावन की," ती म्हणाली आणि कांद्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बघ. म्हणून म्हणत होते, बंद करूया." ती रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. ती दमून म्हणाली. मला इतकं वाईट वाटलं की डोळ्यात पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला. मी म्हणाले, "अजून डबा गेला नाहीये. चूक कागदावर आहे, डब्यात नाही. आज काय ते बोलू नकोस."

बाबा म्हणाले, "त्यात काय, श्रावणाची तारीख बदल." मी म्हणाले, "बदलली तर राखीनंतर मराठी लोकांना कांदा जाईल." बाबा म्हणाले, "मग आडनाव बघ. मराठी आडनाव, तो आपला श्रावण. बाकीच्यांचा सावन." हे मला पटलं. मी भराभर लावायला बसले आणि तिसऱ्याच नावाशी हात थांबला. आमच्या गल्लीतलं एक जुनं मराठी कुटुंब, त्यांचे पूर्वज इथे दरबारात चाकरीला आलेले. आडनाव मराठी, पण राखीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कांदाभजी होतात, मीच खाल्ली आहेत. मग आडनावावरून कसं कळणार? मॅडमचा आवाजच कानात आला. जिसकी बात, उसी के घर. श्रावण हा आडनावाचा नसतो, माणसाचा असतो. माणसाला विचारा.

दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघं तीन फोन घेऊन बसलो होतो. "नमस्कार, डबेवाल्या काकूंच्या घरून बोलतेय. तुमचा श्रावण उद्यापासून की अमावस्येनंतर?" काय एकेक उत्तरं! ते जुन्या मराठी घरातले काका म्हणाले, "अहो, आम्ही इथलेच झालो, आमचं सावनच." एक पंजाबी बाई पुण्यात वीस वर्षं राहिलेल्या, त्यांचा श्रावण मराठी. एक नवरा-बायको, ती मराठी, तो इथला, ती म्हणाली, "यांचा उद्यापासून, माझा नंतर. आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं हो, मी आपली सोसायचे." आणि बँकेतले एकजण म्हणाले, "मी दोन्ही धरतो. एक आईसाठी, एक बायकोसाठी. दीड महिना कांद्याचं तोंड बघत नाही." बाबा फोन ठेवून पोट धरून हसले. आईसुद्धा हसली. मला वाटतं, तिथेच ती अर्धी परत आली.

आणि मग मी लॅपटॉप उघडला. मनात धाकधूक, की आता सगळं मोडून नव्याने मांडावं लागणार. पण काहीच मोडावं लागलं नाही! व्रतांच्या टेबलात एक ओळ वाढवली: सावन, उद्यापासून राखीपर्यंत. श्रावणाची ओळ होती तिथेच. मधल्या टेबलात ज्याच्या त्याच्या जोड्या बदलल्या. दोन्ही धरणाऱ्या साहेबांना दोन जोड्या. बस, एवढंच. देवघरातली आरती व्हायच्या आत नवी यादी छापून झाली. मी ती आईच्या हातात ठेवली आणि वेड्यासारखी नाचले. खरंच नाचले. ज्या मधल्या टेबलासाठी मॅडमनी माझं डोकं खाल्लं होतं, त्या टेबलाने आम्हाला वाचवलं होतं.

आईने यादी बोट ठेवून वाचली. बहनजींच्या ओळीवर बोट थांबलं. "सावन. कांदा-लसूण नाही." मग ती उठली आणि दुधी चिरायला घेतला. परातभर कांद्यांपैकी मोजकेच भरले, ज्यांना चालत होते त्यांच्यासाठी.

पहिला पंधरवडा सावनवाल्यांचा गेला. दुसऱ्या पंधरवड्यात दोघं एकत्र, तेव्हा सगळं सोपं. सोमवारी महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक निघायची, गावातले रस्ते बंद व्हायचे, म्हणून तिकडचे डबे लवकर निघायचे. तेही यादीत आपोआप वर यायला लागले. आई रोज डबे भरून झाले की यादीकडे बघायची आणि म्हणायची, "आजचा गेला." बाकी काही नाही. तिच्या मनातली टांगती तलवार अजून उतरली नव्हती, हे मला कळत होतं. मला खरी भीती राखीनंतरची होती. अर्ध्या गावाला कांदा हवा, अर्ध्या गावाला नको, आणि डबे सगळे एकसारखे स्टीलचे.

पेपर आधीच देऊन झाला होता, आणि नेमकी तेव्हाच माझी तोंडी परीक्षा लागली. परीक्षक बाहेरगावचे, जाडजूड, चेहऱ्यावर हसू नावाला नाही. माझ्या आधीच्या मुलाचं मेडिकल स्टोअर त्यांनी दोन मिनिटांत झोपवलं. माझी टेबलं बघता बघता त्यांचं बोट व्रतांवर आलं. "ये क्या है? सावन और श्रावण? एक ही महीना दो बार? यही तो सबसे पहली गलती है. एक हटाओ."

मी म्हणाले, "सर, दो अलग महीने हैं."

"मुझे मत सिखाओ. और ये देखो, तुम्हारी लिस्ट में आज भी व्रत चल रहा है. सावन तो राखी को खत्म हो गया. डेटा ही गलत है."

मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. माझं डोकं असं तापलं! नापास व्हायचं तर होऊ दे, म्हटलं. मी उभी राहिले. "सर, आपका खत्म हुआ, हमारा चल रहा है. आपको भरोसा नहीं तो इस सोमवार रुक जाइए. राखी हो गई, फिर भी महाकाल की सवारी निकलेगी. क्यों निकलेगी? क्योंकि इस शहर में मराठी श्रावण अभी बाकी है. खुद महाकाल दोनों मानते हैं, तो मैं एक कैसे हटाऊँ?"

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. मॅडम म्हणाल्या, "सही कह रही है, सर." त्यांनी पुन्हा कागद ओढला, या वेळी नीट वाचला. दोन्ही धरणाऱ्या साहेबांच्या जोड्यांवर बोट ठेवून म्हणाले, "और ये आदमी?" मी म्हणाले, "ये दुखी आदमी है, सर." आणि ते हसले! सगळा वर्ग हसला. जाताना त्यांनी मॅडमना विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, "ये लड़की फेल कैसे हुई थी?" मॅडम म्हणाल्या, "गुस्से में." मी पास झाले, आणि नुसती पास नाही, त्या बॅचमध्ये सगळ्यांच्या वर. घरी जाताना टॉवर चौकात थांबून पेढे घेतले.

पण घरी निकाल अजून लागायचा होता. राखीनंतरचे दिवस आम्ही श्वास रोखून काढले. रोज सकाळी मी यादी वाचायची, आई भरायची, बाबा प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावायचे. सवारीचा शेवटचा सोमवार झाला. पिठोरी अमावस्या आली. त्या दिवशी शेवटचा डबा गेला आणि आई ओट्याला टेकून उभी राहिली. बोललो तर दृष्ट लागेल असं तिघांनाही वाटत होतं.

संध्याकाळी उशिरा दारात ई-रिक्षा थांबली. बडी बहनजी उतरल्या, हातात डबा.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. मागच्या वर्षीसारखंच सगळं: तीच रिक्षा, तोच डबा, त्याच हळू चालीने त्या आत आल्या आणि त्याच ओट्यावर डबा ठेवला. मी मनात यादी उलटी-सुलटी वाचली. त्यांचा सावन राखीला संपला, आज कांदा गेला, तो चालतो. मग काय चुकलं? आई म्हणाली, "बहनजी, कुछ गलत गया क्या?"

"खोलकर देखो," बहनजी म्हणाल्या.

आईने झाकण काढलं. आत खीर. केशर घातलेली, वर चारोळ्या. "पूरा महीना निभ गया, बहन," त्या म्हणाल्या. "उनके नाम का था, पिछले साल टूट गया था. इस बार पूरा हुआ, तुम्हारे हाथ के खाने पर. आज अमावस है, उनके नाम की खीर बनाई. पहला डब्बा तुम्हारे घर का. तुम्हारा श्रावण भी तो आज पूरा हुआ ना?"

त्यांनी आमचा श्रावण मोजला होता. आईने पदर तोंडाला लावला आणि या वेळी ती मोरीत गेली नाही, बहनजींच्या गळ्यात पडून तिथेच रडली. मीही रडले, बाबा उगीच स्कूटर पुसायला बाहेर गेले. मग आईने बहनजींना बसवलं, चहा टाकला, आणि त्या वर्षभरात पहिल्यांदा बहनजी आमच्या घरी पाणी प्यायल्या.

त्या गेल्यावर आई खीर वाटीत काढत होती. मी लॅपटॉप मिटत होते. पाठमोरीच म्हणाली, "ते बंद करू नकोस अजून."

"का गं?"

"पुढच्या वर्षीच्या तारखा टाकून ठेव. सावनच्या आणि श्रावणाच्या, दोन्ही." मग थांबली. "आणि एखाद्या वर्षी अधिक महिना आला तर?"

"एक ओळ वाढेल, आई," मी म्हणाले.

"एवढंच ना? मग येऊ दे," आई म्हणाली आणि खिरीची पहिली वाटी माझ्या हातात दिली.